दिल्लीची संस्था आणि साखरशेतची नाचणी

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो. जव्हारच्या पावसाळ्यात लॅबच्या कपाटावर बुरशी चढते ना, तसे ते साचतात. पुसायला गेलं की कळतं, अरे देवा, एवढे झाले!

मी इथल्या कॉलेजात लॅब असिस्टंट. भोयेभाऊ म्हणतात मला. काही बिघडलं की पहिली हाक भोयेला, आणि फोटो काढायचा असला की भोये दरवाजा धरून उभा! असो.

तर दिल्लीच्या एका मोठ्या विज्ञान संस्थेनं आमच्या कॉलेजला नाचणीवर संशोधनाचा प्रकल्प दिला. देशभर संशोधन वाढवायचं, आमच्यासारख्या आडबाजूच्या कॉलेजांना हात द्यायचा, हेच त्या संस्थेचं काम. प्रकल्प तीन वर्षांचा. पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी त्यांचा माणूस येऊन बघणार, त्याला पटलं तरच तिसरं वर्ष. आणि तिसरं वर्ष नाही, तर रंजनाची पीएच.डी. नाही.

रंजना मोखाड्याकडच्या पाड्यावरची. पंचायत समितीतली कारकुनाची पक्की ऑर्डर हातात असताना ही पोरगी नाचणी मोजायला आमच्याकडे आली. बाप सहा महिने तिच्याशी बोलला नाही. त्यामुळे ती दोन वर्षं आम्ही हसलो खूप, पण एक डोळा कॅलेंडरवर ठेवूनच हसलो.

* * *

सुरुवात फॉर्मपासून. सह्या करून तो त्याच दिवशी पोस्टात पडायला हवा होता, आणि एक रकाना प्रिन्सिपॉल सरांना सुटेना. ‘जवळच्या विमानतळापासूनचे अंतर.’

“भोये, किती असेल हो?”

“सर, मला एसटी स्टँडच्या पुढचं विचारू नका.”

पोस्ट बंद व्हायला वीस मिनिटं. देशपांडे मॅडम, म्हणजे प्रकल्पाच्या प्रमुख, घड्याळाकडे बघून घामाघूम. शेवटी सरांनी पेन उचललं आणि लिहिलं, ‘कसारा स्टेशनापर्यंत एसटी आहे. पुढचे संस्थेने पाहावे.’

आणि प्रकल्प मंजूर झाला की!

* * *

पहिलं काम सर्व्हेचं. कोण नाचणीचे किती वाण लावतो, ते घरोघर विचारायचं. साखरशेत गावात एका म्हाताऱ्या बाबांच्या ओट्यावर बसलो. रंजनानं प्रश्नावली काढली.

“बाबा, तुम्ही नाचणीचे वाण किती लावता?”

बाबांनी आमच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. मग मायेनं म्हणाले, “तुला किती पायजेत?”

“तसं नाही बाबा, खरं सांगा.”

“अगं, लांबून आलीस ना बाय. पाच लिही. नाय पुरले तर सात लिही!”

मॅडमनी कपाळावर हात मारला. असे चाळीस घरांचे कागद आम्ही फाडले. दुसऱ्या दिवसापासून रंजनानं प्रश्न विचारणंच बंद केलं. बायकांबरोबर वावरात उतरायची, निंदायची, आणि डोळ्यांनी वाण मोजायची. चार महिने लागले. मला रोज वाटायचं, ही पोरगी तारीख चुकवणार आणि आपल्या सगळ्यांना घेऊन बुडणार.

* * *

तारीख चुकलीच असती. पहिल्या वर्षाचा रिपोर्ट संध्याकाळी पाचच्या आत ऑनलाइन टाकायचा, आणि सकाळपासून गावात रेंजचा पत्ता नाही. मी रंजनाला बाईकवर बसवलं आणि सरळ शिरपामाळ गाठला. तिथं उंचावर दोन कांड्या येतात.

लॅपटॉपची बॅटरी नऊ टक्के. रिपोर्ट चढतोय, थांबतोय, चढतोय. मी मोबाईल डोक्यावर धरून पुतळ्यासारखा उभा. तेवढ्यात मुंबईच्या पर्यटकांची टोळी आली. त्यातला एक गॉगलवाला म्हणतो, “मॅडम, जरा बाजूला व्हा ना, व्ह्यू अडतोय!”

माझी सटकली! मी तोंड उघडणार, तेवढ्यात रंजनाच ओरडली. जन्मात कुणी तिचा आवाज चढलेला ऐकला नव्हता.

“दादा, तुझा व्ह्यू उद्यापण इथंच हाय! माझं आयुष्य चार टक्क्यांवर आलंय!”

गॉगलवाल्यानं मुकाट्यानं आपली पॉवरबँक काढून दिली.

* * *

मग देवाचा किस्सा. आमचे प्रयोग साखरशेतच्याच भागीबाईच्या शेतात. साठी ओलांडलेली बाई, अंगानं काडी, जिभेनं कोयता. संस्थेला अर्धवट पिकलेली कणसं मशीनमध्ये तपासायला हवी होती, ठरलेल्या तारखेच्या आत. आम्ही विळा घेऊन गेलो तर भागीबाई बांधावर आडवी.

“नवं झालं नाय अजून. देवानं खाल्लं नाय, नि तुझी मशीन आधी खाणार?”

आमच्याकडे नवं धान्य आधी देवाला, मग माणसाला. त्याच्यापुढे कुणाचं चालत नाही. रंजनानं हात जोडले, मॅडमनी हात जोडले, मी तर कान पकडले. छे!

आता मुदत वाढवून मागायची तर कारण काय लिहायचं? मॅडमनी रात्रभर विचार करून लिहिलं, ‘स्थानिक परिस्थितीमुळे.’ लगेच दिल्लीहून फोन. पलीकडे एक साहेब, आवाज कडक. “कौन सी परिस्थिति?” मॅडम त त प प करायला लागल्या. शेवटी सांगून टाकलं, “सर, भगवान ने अभी खाया नहीं है.”

मॅडमचा चेहरा पांढराफटक. मी मनातल्या मनात प्रकल्पाचा तेरावा घातला.

मग आवाज आला, “भगवान को आठ दिन काफ़ी होंगे?”

* * *

आणि आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

भागीबाईच्या शेतात समोरासमोर दोन तुकडे होते. एकाला मोजून शेणखत घालायचं, दुसरा बिनखताचा. रंजना टोपल्या मोजून बांधावर ठेवायची, घालायचं काम भागीबाईचं. दोन्ही वर्षं एकच निकाल आला, बिनखताची नाचणी खताच्या नाचणीइतकीच पिकते! दिल्लीत खळबळ उडाली. संस्थेनं कळवलं, असं असेल तर ही मोठी गोष्ट आहे, सगळ्या देशाला सांगू. आणि ते फोनवाले साहेब स्वतः तपासायला आले. उंच, पांढरे केस, हातात वही. मराठीचा एक शब्द येत नाही.

साहेब खूश होते. दोन्ही तुकड्यांत फिरले, कणसं हातात घेऊन पाहिली. मग रंजनाला म्हणाले, “माताजी से पूछो, इस बिना खाद वाले टुकड़े के लिए क्या करती हैं?”

रंजनानं विचारलं. भागीबाई सहज म्हणाली, “काय नाय करत. ह्याला जेवढा, तेवढाच त्याला. टोपलीतला अर्धा अर्धा.”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. मॅडम आभाळाकडे बघायला लागल्या. दोन वर्षं! दोन वर्षं ही बाई एकाचं खत दोघांना वाटत होती!

“क्या कह रही हैं?” साहेबांनी पेन उघडलं.

मी जीव मुठीत धरून रंजनाकडे बघत होतो. ‘काही करत नाही’ एवढंच सांग ना बाई! तेही भागीबाई बोललीच आहे! कोणाला कळणार आहे इथं? रंजनानं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला लाज वाटली, खरंच सांगतो.

“सर,” ती म्हणाली, “दोनों को खाद मिली है. आधी-आधी. हमारा निकाल ग़लत है. ग़लती मेरी है, मैंने खड़े होकर देखा नहीं.”

साहेबांचा चेहरा उतरला. मग ते भागीबाईकडे वळले. “क्यों, माताजी?”

रंजनानं विचारल्यावर भागीबाईच चिडली. “क्यों म्हंजे? समोरासमोर दोघं उभं. एकाच्या तोंडात घास घालायचा नि दुसऱ्यानं बघत रहायचा? माझ्याच्यानं नाय होत. माझं माहेर वावर गावचं हाय.”

रंजनानं सगळं हिंदीत सांगितलं. शेवटच्या वाक्यापाशी अडली.

“आगे?”

“आगे उन्होंने मायके का नाम बताया, सर. वावर. वहाँ एक साल बहुत बच्चे भूख से गए थे.”

साहेबांनी पेन बंद केलं. दोन्ही तुकड्यांकडे पाहत उभे राहिले. रंजना पदराच्या टोकाला पीळ घालत होती. मग साहेब हळूच म्हणाले, “अगले साल टुकड़े आमने-सामने मत रखना. एक यहाँ, एक पहाड़ी के पीछे. इनको दिखना नहीं चाहिए.”

अगले साल! मॅडमनी माझा दंड एवढ्या जोरात धरला की वळ उठला. रंजना हसत होती की रडत होती, देव जाणे. तिनं तशीच भागीबाईला साहेबांची युक्ती सांगितली.

भागीबाईनं साहेबांना खालून वरपर्यंत पाहिलं.

“दिसला नाय म्हणून काय झाला? तो उपाशी हाय, ह्ये मला ठावं असणारच ना!”