लिंबाखालचं खुराडं आणि दोनची व्हिजिट

“कोंबड्या आत आहेत ना?” साहेबांनी फोनवर विचारलं.

मी समोर पाहिलं. खुराडं रिकामं होतं. त्याच्या पत्र्यावर कुरडया वाळत होत्या. कोंबड्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, कडुलिंबाखालच्या ओल्या मातीत पोट टेकून बसल्या होत्या.

“लिंबाखाली आहेत, सर.”

“लिंब योजनेत आहे का?”

“नाही, सर.”

“मग आत घाला. दोन वाजता पुण्याचे साहेब व्हिजिटला येतायत. त्यांना कोंबड्या खुराड्यात दिसल्या पाहिजेत.”

मे महिना होता. मी सरकारी पशुवैद्य. राहते सोलापुरात, नोकरी मंगळवेढ्याच्या पलीकडच्या खेड्यांत. जनावरांचं आजारपण, लसीकरण आणि योजना अशी तीन कामं माझ्याकडे असतात. पहिल्या दोन कामांतून वेळ उरत नाही आणि तिसरं काम वेळ मागून घेतं. त्या वर्षीची योजना परसातल्या कोंबड्यांची होती. निवड झालेल्या बाईला सुधारित गावरान कोंबड्या मिळत आणि सोबत एक ‘मॉडेल खुराडं’. लोखंडी अँगलचा सांगाडा, तीन बाजूंना जाळी, चौथ्या बाजूला आणि डोक्यावर पत्रा. ड्रॉइंग वरून आलेलं. ते काढणारा माणूस एसीत बसला होता, एवढं मी खात्रीने सांगू शकते.

सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं, हे कळायला पदवी लागत नाही. कोंबडीला घाम येत नाही. अंगातली उष्णता ती चोच उघडी ठेवून, धापा टाकून बाहेर काढते. पंख अंगापासून लांब धरते. तेवढ्याने भागलं नाही तर तुरा काळवंडतो, मान खाली जाते आणि मग फार काही करता येत नाही. शेजारच्या तालुक्यात आदल्या वर्षी अशीच व्हिजिट झाली होती. कोंबड्या दुपारभर पत्र्याखाली कोंडून ठेवल्या. फोटो उत्तम आले. संध्याकाळपर्यंत अर्ध्याहून जास्त कोंबड्या मेल्या. अहवालात कारण लिहिलं होतं, ‘लाभार्थीचा निष्काळजीपणा’.

इथली लाभार्थी हिराबाई होती. चुलीवर पाणी ठेवता ठेवता तिने माझं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं.

“न्हाय घालायच्या आत,” ती म्हणाली. “डाक्टरीणबाई, तुमी सांगितलं तसं केलं म्हणून ह्या जगल्या. दाणं सकाळी अन् सांजला. दुपारी नुसतं पाणी. आता तुमीच त्यांना तव्यावर घालाय लागला व्हय?”

तिचं बरोबर होतं. खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता तयार होते, म्हणून भर दुपारी दाणा टाकायचा नाही, हे मीच तिला शिकवलं होतं. मातीची पसरट भांडी सावलीत ठेवायची, पाणी दोनतीनदा बदलायचं, लिंबाखालची जमीन ओली ठेवायची. तिने सगळं केलं होतं. बाजारात तिची अंडी संपल्यावर बायका दुसऱ्या टोपलीकडे जात.

मी साहेबांना परत फोन लावला. “सर, सकाळी सहाला कोंबड्या खुराड्यातच असतात. उद्या पहाटे फोटो काढून ॲपवर टाकते.”

“ॲप दहाला उघडतं.”

“मग सहाला काढलेला फोटो दहाला टाकते.”

“तो घेत नाही. फोटो ऑफिसच्या वेळेतलाच लागतो. आणि मोठे साहेब येतायत ते आज. कूलर लावा.”

“इथे दुपारी लाइट नसते, सर.”

“मग ओल्या चादरी लावा चारी बाजूंनी. सोलापूर जिल्ह्यात आहात, चादरींना काय तोटा!”

चारी बाजूंनी जाड ओली चादर लावली की वारा बंद होतो आणि आत वाफ कोंडते. चोच उघडून गार व्हायचं तर हवा कोरडी आणि वाहती हवी. हे मी सांगत होते तेवढ्यात साहेब म्हणाले, “मॅडम, मला सोल्यूशन हवंय,” आणि फोन ठेवला.

मी खुराड्याभोवती फेरी मारली. अडचण काय, हातात काय, वेळ किती, या क्रमाने विचार करायची मला सवय आहे. कोंबड्या खुराड्यात दिसायला हव्यात. कोंबड्या लिंबाखालून हलवायच्या नाहीत. या दोन्ही अटी पाळायच्या तर हलायला एकच वस्तू उरत होती.

“तात्या,” मी हिराबाईच्या नवऱ्याला हाक मारली, “हे खुराडं जमिनीत गाडलंय का नुसतं ठेवलंय?”

“ठिवलंय की. कशाला वो?”

“लिंबाखाली न्यायचं.”

तात्या पाना घेऊन आला. हिराबाई आडवी आली. “पत्र्याला हात लावायचा न्हाय. चार घरच्या कुरडया हायेत. अर्ध्या वाळल्यात. सावलीत गेल्या तर आंबतील आन् गल्लीतल्या बाया मला धुतील.”

त्या पत्र्याचा योजनेतला एकमेव यशस्वी उपयोग कुरडया हाच होता. तो बंद पाडण्याची माझी इच्छा नव्हती. आम्ही बोल्ट काढले आणि वरचा पत्रा कुरडयांसकट उचलून उन्हात चार दगडांवर ठेवला. एकही कुरडई हलली नाही. बाजूचा पत्राही काढून तिथे जुनी जाळी बांधली. मग मी, तात्या आणि शेजारचे दोघे अशा चौघांनी सांगाडा उचलून लिंबाखाली नेला. त्यावर कडब्याच्या पेंढ्या टाकल्या, त्यांच्यावर पाणी मारलं.

इथवर ठीक झालं. पण लोखंड घेऊन आलेली चार माणसं बघून कोंबड्या उठल्या आणि कुंपणाच्या बोराटीखाली जाऊन बसल्या. खुराडं लिंबाखाली, कोंबड्या काट्यांत.

“धरून आणतो एकेक,” तात्या धोतर खोचत म्हणाला.

“अजिबात नाही. या उन्हात पळवलेली कोंबडी हातातच मान टाकते.”

“मग काय आवातण द्यायचं?”

“तसंच काहीतरी.”

खुराड्याच्या आतली जमीन आम्ही भिजवली. पाण्याची भांडी आत ठेवली, दार सताड उघडं टाकलं आणि सगळ्यांना घरात पाठवलं. मी उंबऱ्यावर बसून राहिले. फोन वाजला. “मंगळवेढा सोडलं. आत आहेत ना?”

“प्रक्रिया सुरू आहे, सर,” मी म्हणाले. नोकरीत हे वाक्य फार उपयोगी पडतं.

बोराटीखाली चोची उघड्या होत्या. एक पांढरी कोंबडी तर पंख पसरून आडवी झाली होती. हिराबाई माझ्या मागे दाराआड उभी होती. “ती गेली तर मी तुमच्या साहेबाला सोडायची न्हाय,” ती हळूच म्हणाली. मलाही साहेबांपेक्षा त्या पांढरीची जास्त काळजी वाटत होती.

शेवटी हिराबाईची तांबडी कोंबडी उठली. दारापाशी आली, मान वाकडी करून आत बघितलं, आत जाऊन पाणी प्यायली आणि ओल्या मातीत खड्डा करून बसली. तिच्यामागे दोघी आल्या. मग रांगच लागली. पांढरी सगळ्यांत शेवटी आली, डुलत डुलत. तिने तुऱ्यापर्यंत चोच पाण्यात घातली तेव्हा हिराबाई खाली बसली.

दोन गाड्या आल्या. पुण्याचे साहेब एसीतून उतरले आणि उन्हाकडे असं बघायला लागले, जणू उन्हाने त्यांना आधी कळवायला हवं होतं. आमचे साहेब खुराड्यापाशी येऊन थबकले.

“पत्रा कुठाय?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“उन्हात हाय की,” तात्याने मोठ्याने सांगितलं.

पुण्याचे साहेब तोवर लिंबाच्या सावलीत शिरले होते. “इथे बरं आहे,” ते म्हणाले. “ड्रॉइंगमध्ये हा बदल कोणी केला?”

मी तोंड उघडलं. आमच्या साहेबांनी एका नजरेत मोठ्या साहेबांचा चेहरा वाचला. वीस वर्षांची नोकरी वाया जात नाही. “सर, हा पायलट प्रयोग आहे,” ते म्हणाले. “लिंबछाया मॉडेल. माझ्या मार्गदर्शनाखाली.”

“गुड. एक कोंबडी द्या हातात, फोटो घेऊ.”

सगळी मेहनत इथे मातीत जाणार होती. एक हात आत गेला की सगळ्या फडफडणार आणि पांढरीची सुटका नव्हती. मी शरीरशास्त्र समजावून सांगणार होते. हिराबाईने तेवढी वाट पाहिली नाही.

“धरा की साहेब. फकस्त ती तांबडी डोळ्यावर जाती, तेवढं बघा. गेल्या म्हैन्यात तलाठ्याचा चष्मा फोडला.”

पुण्याचे साहेब दोन पावलं मागे सरकले. फोटो जाळीच्या अलीकडून घ्यायचं ठरलं. तो काढणाऱ्याने अशा ठिकाणी उभं राहून काढला की फोटोत कोंबड्या बाहेर आणि साहेब आत वाटतात. ॲपने तो लगेच स्वीकारला.

गाड्या गेल्यावर मी ऊन उतरेपर्यंत थांबले. पाणी दोनदा बदललं. संध्याकाळी हिराबाईने दाणे टाकले तेव्हा सगळ्या धावत आल्या, पांढरीसुद्धा. तात्याने पत्र्यावरची कुरडई आणून माझ्या हातात दिली. खडखडीत वाळली होती.

महिन्याभराने परिपत्रक आलं. ‘लिंबछाया मॉडेल’ सगळीकडे राबवायचं. जिथे झाड नाही तिथे लाभार्थीने आधी झाड लावावं आणि त्याची पुरेशी सावली पडल्यावर खुराड्यासाठी अर्ज करावा. पत्रा पूर्वीप्रमाणेच अनिवार्य.

मी त्यातून माझ्यापुरती गोष्ट शिकले. उन्हाळ्यात कोंबड्यांना सावली, पाणी आणि वारा द्यायचा आणि अकरा ते चार त्यांच्या वाटेला जायचं नाही. आता माझ्या मे महिन्यातल्या सगळ्या व्हिजिट सकाळी आठच्या आत होतात. खेड्यांतून परतेपर्यंत दहा वाजून जातात, त्यामुळे ऑफिसच्या मशीनवर माझा अंगठा रोज उशिरा पडतो आणि दोन उन्हाळे मला उशिराबद्दल मेमो मिळतायत. मी खुलासा देते, तो अमान्य होतो. या दोन उन्हाळ्यांत माझ्याकडच्या गावांत उन्हाने एकही कोंबडी मेलेली नाही. ॲपमध्ये न मेलेल्या कोंबड्या नोंदवायला रकाना नाही.