बारा गुलाब

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत, वेस्ट विंडसरला शेजारच्या रशियन काकूंनी मला त्यांच्या स्वतःच्या गाडीवर ड्रायव्हिंग शिकवलं. टेस्ट पास झाले त्या दिवशी मी डझनभर गुलाब घेऊन त्यांच्याकडे गेले. फुलं मोजून त्यांनी "बारा?" असं विचारलं. त्यांच्याकडे सम संख्येतली फुलं फक्त गेलेल्या माणसाला वाहतात म्हणे! पाच फळांनी ओटी भरणारी मी, मला हे सुचू नये? स्वतःचाच भयंकर राग आला. मी एक गुलाब काढायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला.

"राहू दे. मी देश सोडल्यावर माझी आई गेली. सोव्हिएत सरकारनं मला परत येऊ दिलं नाही. तिला फुलं वाहायची राहिली होती."

आभार मानायला गेले होते मी, आणि डोळे पुसत थँक यू म्हणत होत्या त्या.