मिस्त्रींचे कान

मापाच्या बाई हे नाव त्यांना कारखान्यात मिळालं. गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं कापड कापलं. एकावर एक चाळीस थर घातले, तरी तळाच्या थराचं माप सूतभर हलत नसे. नवरा सुतार. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, आणि लग्नानंतर वर्षभरात बाईही तसंच म्हणायला लागल्या. मिस्त्री मोजकं बोलत. उरलेला वेळ ते गाणी ऐकत.

बाहेरच्या खोलीत कमरेइतक्या उंच स्पीकरची जोडी होती. पेट्या मिस्त्रींनी स्वतः केलेल्या. त्यातले मोठे वूफर, म्हणजे खर्जाचा आवाज काढणारे ते थाळीएवढे पडदे, एका रेडिओ केंद्राने मोडीत काढलेल्या सामानातून मिळालेले. ते आणायला मिस्त्री आणि त्यांचा जिवलग मित्र असे दोघं गेले होते. मित्राचं रेडिओदुरुस्तीचं दुकान. बाई त्यांना भावजी म्हणत. जोडी एकच आणि डोळा दोघांचा, म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी मिस्त्रींची निघाली. "नशीब काढलंस!" म्हणत भावजींनी मित्राच्या पाठीवर थाप मारली आणि वायरी जोडून देण्याचं कामही आपणच केलं. दोन घरांत त्यानंतर कधी वाकडा शब्द आला नाही.

मिस्त्री जाऊन सहा वर्षं झाली होती. एका सकाळी बाई गाणं लावून भाजी निवडत बसल्या होत्या, तर डावा स्पीकर फरफरायला लागला. बाईंनी भावजींना फोन केला.

"वहिनी, तुम्ही उघडू नका हं," भावजी घाईने म्हणाले. "माझं आत्ताच डोळ्याचं ऑपरेशन झालंय. महिनाभर थांबा, मीच येतो."

"अहो, आठ स्क्रू तर आहेत."

"नको म्हणतो ना! शॉकबिक बसेल."

वायर काढून ठेवलेल्या स्पीकरला कसला आलाय शॉक, असं बाईंच्या मनात आलं. पण बिचारे काळजीने बोलताहेत म्हणून त्या गप्प बसल्या. मात्र महिनाभर हातावर हात ठेवून बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी पेटी सतरंजीवर आडवी केली, पुढचं कापड उतरवलं आणि मिस्त्रींचा स्क्रूड्रायव्हर घेऊन बसल्या.

पहिल्या नजरेतच खटकलं. वूफरच्या भोवती प्लायवूडचं कडं होतं. पेटीचं भोक मोठं, वूफर लहान, म्हणून मधे ठिगळ. बाईंनी टेप लावली. चांगला दोन बोटांचा फरक. ज्या माणसाच्या सांध्यात नख शिरत नसे, तो माणूस असलं ठिगळ लावेल?

वूफर बाहेर काढला तेव्हा आतल्या लाकडावर मिस्त्रींचं अक्षर दिसलं. सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहिलेलं 'डावा', खाली तारीख आणि वूफरचा पाच आकडी नंबर. हातातल्या वूफरच्या चुंबकावर नंबरच नव्हता. बाईंनी उजवी पेटी उघडली. तिथेही तोच प्रकार.

काढलेला वूफर पिशवीत घालून त्या सुट्या भागांच्या दुकानात गेल्या. दुकानातल्या मुलीने तो उलटासुलटा करून पाहिला.

"काकू, हा साधा माल आहे, गाडीत बसवतात तसला. एवढ्या मोठ्या पेटीत घातला की खर्ज मेलाच समजा. घरात कोणाच्या लक्षात नाही आलं?"

लक्षात आलं होतं. एकाच माणसाच्या.

बाई दुकानाच्या पायरीवर बसल्या. आठ वर्षांपूर्वी मिस्त्री दीड महिना हॉस्पिटलात होते. डॉक्टरांनीही हात टेकले होते. बाई सगळा वेळ तिकडे, आणि घराची किल्ली भावजींकडे. "तो येईपर्यंत स्पीकर साफसूफ करून ठेवतो," असं ते म्हणाले होते. मिस्त्री वाचले. घरी आल्या दिवशीच त्यांनी गाणं लावलं आणि म्हणाले, "आवाज पोकळ येतोय." हात थरथरायचे, स्क्रू धरवत नसे, म्हणून त्यांनी भावजींनाच बघायला बोलावलं. भावजींनी पेटीशी थोडी खुडबुड केली आणि आतल्या खोलीत पडलेल्या मित्राला ओरडून सांगितलं, "सगळं ठीक आहे रे! औषधांनी कान गेलेत तुझे."

आणि बाईंनी त्यांचीच री ओढली. एकदा नाही, दोन वर्षं. मिस्त्रींच्या कानात थेंब घातले. तपासणीला नेलं. कान चांगले आहेत असं तिथे सांगितलं, तरी बाई ठसक्यात म्हणाल्या, "त्यांना काय कळतंय!" आणि कानाचं यंत्र घ्यायला लावलं. शेवटी मिस्त्रींनी नाद सोडला. घरी गाणं लावणंही सोडलं. रविवारी सकाळी मात्र ते काठी टेकत भावजींकडे जायचे. "त्याच्याकडे मला नीट ऐकू येतं," म्हणायचे. बाई हसून म्हणायच्या, "दुसऱ्याच्या ताटातलं नेहमी गोडच लागतं!"

बाई पायरीवरून उठल्या. भावजींचं घर तिथून दोन गल्ल्यांवर होतं.

भावजी काळा चष्मा लावून खुर्चीत बसले होते. गाणं चालू होतं, आणि त्याचा खर्ज बाईंना चपला काढतानाच तळपायाला जाणवला.

"या वहिनी! चहा टाकू?"

बाईंनी आधी गाणं बंद केलं. "तुमचे वूफर काढून बघायचेत मला. मागचा नंबर."

"कशाला आता?"

"डाव्याच्या शेवटी सदतीस आहे. उजव्याच्या अडतीस. मिस्त्रींनी पेटीत लिहून ठेवलंय."

भावजींनी चष्मा काढला, पुन्हा लावला. मग म्हणाले, "वहिनी, तेव्हा सगळे म्हणत होते, तो काही यातून उठत नाही. मला वाटलं, तुम्ही उद्या सगळं भंगारात द्याल. त्यापेक्षा माझ्याकडे राहिले तर..."

"पण ते उठले."

"हो. मग परत बसवायचे म्हणजे त्याला सांगावं लागणार. धीरच झाला नाही."

"म्हणजे ते जगले, ही तुमची पंचाईत झाली."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे बाईंनी ऐकले होते. ह्या गृहस्थाने मढं व्हायचीही वाट पाहिली नव्हती.

"दर रविवारी ते इथे येऊन बसायचे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "स्वतःच्याच वूफरवर गाणं ऐकायचे. आणि तुम्ही त्यांना तोंडावर सांगायचात, कान गेलेत म्हणून. एकदाही जीभ अडखळली नाही?"

"अडखळायची हो. म्हणूनच तर दर रविवारी बोलवायचो त्याला. निदान ऐकायला तरी मिळावं."

"वा! उपकारच केलेत."

भावजी धडपडत उठले. "थांबा, आत्ता काढून देतो, घरी येऊन बसवूनही देतो..."

"हात लावायचा नाही."

बाईंनी भावजींच्या टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर उचलला आणि जमिनीवर बसून सोळाच्या सोळा स्क्रू स्वतः काढले. सदतीस. अडतीस. पिशवीतला फरफरणारा वूफर त्यांनी टेबलावर ठेवला. "हा तुमचा माल. दुसरा पाठवून देते." दोन भोकं पडलेल्या पेट्यांसमोर भावजी उभे राहिले ते तसेच.

घरी आल्यावर बाईंनी प्लायवूडची कडी उपटून काढली. लाल वायर अधिकला, काळी उण्याला. मिस्त्रींनी पाडलेल्या भोकांत स्क्रू जसेच्या तसे बसले. गाणं लावलं तेव्हा आवाज भरभरून आला, पोकळपणाचा मागमूस नाही. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. आला तो संताप, आणि त्यातला अर्धा स्वतःवरचा. भावजींनी केसाने गळा कापला हे खरं. पण नवऱ्याला खोटं पाडायला त्यांना बाईंची जीभ आयती मिळाली होती.

पंधरा दिवसांनी परगावी राहणाऱ्या लेकीचा फोन आला. "आई, काका फोनवर रडत होते. दोन जुन्या वूफरसाठी एवढ्या वर्षांचा घरोबा तोडलास म्हणे?"

बाईंनी तिला सगळं सांगितलं.

"मी पण बाबांशी ओरडूनच बोलायचे गं," लेक म्हणाली.

"हो. आणि ते म्हणायचे, हळू बोल, ऐकू येतंय मला. आपण दोघी हसायचो."