तळमजल्यावरचा हायड्रोजन

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांना जगातला एकही माणूस त्याच्या चेहऱ्यावरून कळला नाही. सगळे कळले ते फ्लॅटच्या नंबरावरून, आणि वैताग म्हणजे त्यांचं एकदाही चुकलं नाही. खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी नवीन राहायला आलं की बायका पडद्याआडून सामान बघायच्या, पुरुष गाडी कुठली आहे ते बघायचे, आणि काका फक्त विचारायचे, "लाइन कितवी?" सातवी म्हटलं की मान डोलवायचे. "म्हणजे मागायला येणार. साखर जास्तीची आणून ठेवा." आठ दिवसांच्या आत २०७ च्या नव्या वहिनी वाटी घेऊन माझ्या दारात उभ्या होत्या.

काका म्हणजे कोणी मोठे शास्त्रज्ञ वगैरे नव्हेत. एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेतल्या बाटल्या धुवायचं काम त्यांनी पस्तीस वर्षं केलं. मोरीसमोरच्या भिंतीवर आवर्तसारणी टांगलेली होती आणि तिथे बघण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं. बाटली धुता धुता माणूस काय करणार, तक्ता वाचणार. रिटायर होऊन ते आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले, टेम्पोतून उतरले, वर बघितलं आणि सामान विसरून बघतच राहिले. तळमजल्यावर गाड्या, फक्त डाव्या टोकाला वॉचमनची खोली आणि उजव्या टोकाला सोसायटीचं ऑफिस. वरच्या प्रत्येक मजल्यावर ओळीने आठ फ्लॅट. "अहो, पहिल्या ओळीत दोनच, तेही दोन टोकांना. मग आठ, मग परत आठ. बिल्डर केमिस्ट्रीचा होता की काय?" त्यांनी तिथेच खालपासून खोल्या मोजल्या. वॉचमन एक, ऑफिस दोन, १०१ म्हणजे तीन, आणि त्यांचा स्वतःचा ३०१ आला एकोणीस. पोटॅशियम. त्याच दुपारी त्यांनी दारावर ३०१ च्या खाली पांढऱ्या रंगाने १९ काढला. तेव्हापासून कुरिअरवाले जिन्यात उभं राहून आपापसांत भांडतात.

मी २०१, म्हणजे अकरावी, म्हणजे सोडियम. "पहिल्या लाइनीचे आपण," काका मला प्रेमाने म्हणायचे, "आपल्याकडे शेवटच्या कक्षेत एकच इलेक्ट्रॉन. तो कुणाला तरी देऊन टाकल्याशिवाय आपल्याला झोप नाही." हे मात्र खरं. मी अळूवड्या केल्या की एक ताटली बाहेर गेल्याशिवाय माझ्या घशाखाली उतरत नाहीत. सातव्या लाइनीला एक कमी, म्हणून ती मागणार. त्यातही जितका खालचा मजला तितकी ओढ जबरदस्त, असं काका सांगायचे. १०७ वाल्यांनी सोसायटीची शिडी एका दिवाळीत नेली ती अजून त्यांच्या बाल्कनीत आहे. काकांनी सेक्रेटरींना समजावलं, "फ्लोरिनकडून काढून घेताय? सोडून द्या, नवीन घ्या." आठव्या लाइनीत राजवायू. पूर्ण भरलेली माणसं, कुणाशी देणंघेणं नाही, मीटिंगला नाहीत, हळदीकुंकवाला नाहीत. वॉचमन जवळच्या आपटा गावचा. त्याची खोली पहिल्या लाइनीत, पण स्वभाव कुठल्याच लाइनीचा नाही. काकांनी त्याला एकदा तू हायड्रोजन आहेस असं सांगितलं, तर तो म्हणाला, "आसंल काका. आमाला काय, सगल्यांचीच कामं हायेत." काका दिवसभर खूश होते. "स्वतःची व्याख्या स्वतः केली त्याने," म्हणाले. तिसऱ्या मजल्यावर मात्र त्यांचा बिल्डरवर राग. तक्त्यात त्या ओळीत अठरा असतात, म्हणजे तिथे मध्ये आणखी दहा फ्लॅट हवे होते. ते कुठे गेले, असा लेखी अर्ज त्यांनी वार्षिक सभेत दिला, आणि आमच्या सेक्रेटरींनी बिचाऱ्यांनी खरोखर नकाशा मागवला.

मी हसायचे हो, सगळ्यांसारखीच हसायचे. मग माझ्यावर वेळ आली. कामोठ्यातल्या एका क्लासमध्ये मी इतिहास शिकवत होते. मालकांनी बोलावून सांगितलं की इतिहासाला आता मुलं येत नाहीत. दहावीचं सायन्स जमत असेल तर शनिवारी एक डेमो लेक्चर द्या, नाहीतर मग बघू. "मग बघू" म्हणजे काय ते मला कळतं. विषय दिला आवर्तसारणी. घराबाहेर माझं स्वतःचं म्हणावं असं ते एवढंच होतं, दिवसाचे तीन तास आणि एक खडू, आणि ते जाणार म्हणून मला रडू येत होतं. गाइड उघडलं तर सगळे चौकोन अंगावर आले. शेवटी पदर खोचला आणि जिना चढून १९ नंबरची बेल वाजवली.

काकांनी मला घरात घेतलंच नाही. कानामागे खडू अडकवून, चपला घालून थेट पार्किंगमध्ये नेलं. "तक्ता पुस्तकात वाचायचा नसतो, चढायचा असतो," म्हणाले. तीन दिवस संध्याकाळी आम्ही दोघं बिल्डिंग चढत होतो. प्रत्येक मजल्यावर ते एका हाताने गुडघा धरून थांबायचे आणि दुसऱ्या हाताने भिंतीवर लिहायचे. मजला म्हणजे आवर्त, एकेक मजला चढला की एकेक कक्षा वाढते. उभी लाइन म्हणजे गण, स्वभाव तोच. "वरच्याचा तो एक इलेक्ट्रॉन केंद्रापासून लांब, त्याला धरून ठेवणं जमत नाही. म्हणून तुमच्यापेक्षा मी जास्त उतावळा." मग २०७ च्या दाराकडे बोट करून हळूच म्हणाले, "तुमचं जास्तीचं एक, त्यांना कमी पडतं ते एक. सोडियम नि क्लोरिन. तुमच्या दोघींचं मीठ झालंय, वहिनी." तिसऱ्या संध्याकाळी मी डोळे मिटून कुठलाही चौकोन सांगत होते, आणि भिंती खराब केल्याबद्दल सेक्रेटरींची नोटीस लागली होती.

शनिवारी मालक मागच्या बाकावर येऊन बसले. मी फळ्याकडे वळले आणि झपाट्याने तक्ता काढला. मागून मालकांचा आवाज आला, "मॅडम, तक्ता उलटा आहे." मी बघितलं आणि घाम फुटला. हायड्रोजन नि हेलियम फळ्याच्या तळाशी, बाकी सगळे त्यांच्या डोक्यावर मजले चढवत गेलेले. मी तक्ता नाही, आमची बिल्डिंग काढली होती. पुसायला हात उचलला आणि मनात आलं, जाऊ दे, नोकरी तशीही गेली. म्हटलं, "हो सर. ही इमारत आहे. खाली वॉचमन राहतो." आणि मग काकांनी जसं चढवलं तसं मी त्या तीस मुलांना चढवलं. तिसऱ्या मजल्यावर पोचलो तेव्हा पहिल्या बाकावरची एक मुलगी न विचारताच म्हणाली, "म्हणजे मॅडम, पोटॅशियम सोडियमपेक्षा जास्त वेडा असणार ना?"

"हो गं," मी म्हटलं, "मी पाहिलाय."

मालक म्हणाले, सोमवारपासून या, फक्त शेवटी तो सरळ करत जा. मी धावत घरी आले. काका जिन्यातच भेटले, त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं उलट्या तक्त्यावरून बोलणी खावी लागणार. ते पायरीवर बसले. कानामागचा खडू काढून हातात घेतला. "पस्तीस वर्षं तो तक्ता बघितला," म्हणाले, "हे काय आहे असं मला कोणी विचारलं नव्हतं." डोळे पुसले आणि लगेच मूळ पदावर आले. "पण उलटा काढलात? सोडियमचं हे असंच. घामाचं पाणी लागलं की भान राहत नाही."

पुढच्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. आमच्याकडे लिफ्ट नाही. लेक आली आणि त्यांना नाशिकला तळमजल्याच्या घरात घेऊन गेली. निघताना त्यांनी मला तिथल्या घराची लाइन विचारायला लावली आणि स्वतःच तोंड वाकडं करून म्हणाले, "आठवी. राजवायूत टाकलं मला." मी हसले, आणि रिक्षा वळल्यावर तिथेच गेटपाशी वॉचमनच्या खुर्चीत बसून रडले. ३०१ ला कुलूप आहे. सेक्रेटरींनी जिना रंगवून घेतला, पण दारावरचा १९ मी पुसू दिला नाही.

क्लासमध्ये तक्ता मी अजून आधी उलटाच काढते. तिसऱ्या मजल्यावर डाव्या टोकाशी आले की खडू थोडा थांबतो. मुलांना सांगते, इथे एक गृहस्थ राहतात. त्यांच्याकडे जे काही आहे ते तुम्हाला देऊन टाकल्याशिवाय त्यांना झोप येत नाही. मग तक्ता पुसून सरळ काढते.