पावणेवीस अंशांचे साडू

माणसाला शत्रू निवडता येतो, व्याही निवडता येतो, साडू मात्र सासऱ्याच्या पसंतीनं पदरात पडतो. माझ्या सासऱ्यांनी जावई दोन निवडले. एक मी, घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात दलालांच्या मागं हिंडून शहाणा झालेला आणि पुढं नगरच्या औद्योगिक वसाहतीत नांगर नि ट्रॉल्यांचा कारखाना टाकलेला. दुसरे आमचे साडू, सरकारी मोजणीदार, मुक्काम पुणतांबा. आयुष्यात मला अनेक लबाड भेटले आणि त्यातल्या एकालाही मी फायदा होऊ दिला नाही. मला तोट्यात घातलं ते या एकट्या प्रामाणिक माणसानं. लबाडाशी कसं वागावं हे बाजारात शिकायला मिळतं. प्रामाणिक माणसाशी कसं वागावं हे कुठंच शिकवत नाहीत.

साडूंच्या खिशात पेन नसेल एक वेळ, पण पातळी बघायची ती हिरव्या पाण्याची, बुडबुड्याची नळी असणारच. माझ्या बंगल्याच्या वास्तुशांतीला पाहुणे पेढे खात असताना यांनी ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि पूर्वेला दोन सूत उतार असल्याचं सगळ्यांदेखत जाहीर केलं. घर कसं झालंय हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. दुसरी खोड टिचकीची. कुठलंही टेबल, खुर्ची, कपाट दिसलं की त्याला टिचकी मारायची, घड्याळ बघायचं आणि ते किती वेळ थरथरतं ते सांगायचं. माझ्या थोरलीला बघायला मंडळी आली तेव्हा पोह्यांच्या बशा ठेवलेल्या टीपॉयला त्यांनी टिचकी मारली आणि गंभीरपणे म्हणाले, "तीन सेकंद." मुलाच्या वडिलांनी हातातला चमचा खाली ठेवला. लग्न जमलं, पण त्यात साडूंचा वाटा नाही.

एकदा गाय घ्यायला मी त्यांना घोडेगावला सोबत नेण्याची चूक केली. मी गायीत नसलेले सात दोष काढून मालकाला रडकुंडीला आणलं होतं, आणखी दोन मिनिटांत सौदा झाला असता. तेवढ्यात साडू गायीभोवती एक फेरी मारून त्या मालकाला म्हणाले, "तुम्ही फार कमी सांगताय हो. गाय उत्तम आहे." मालकानं त्यांना नमस्कार केला. मला केला नाही.

अशा माणसानं सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत माझ्याकडे येऊन खरेदीसाठी मदत मागावी, यातच मी सावध व्हायला हवं होतं. त्यांच्याकडे एक लहानशी दुर्बीण होती, हातभर लांबीची. होळीच्या सुमाराला संध्याकाळी आकाशात मोठा धूमकेतू दिसणार होता, आणि त्याचा एक तरी फोटो स्वतः काढायचा असं त्यांनी ठरवलं होतं. पृथ्वी फिरते, त्यामुळे दुर्बिणीतून धरलेला तारा मिनिटभरात निसटतो. त्याच्यामागं दुर्बीण अलगद फिरवत राहील असं एक खास लोखंडी माउंट मिळतं, ते त्यांना हवं होतं. त्याचं इंग्रजी नाव मला उच्चारता येईना म्हणून मी त्याला घोडी म्हणायला लागलो. घोडीचा एक आस ध्रुवाकडे रोखायचा की एकच चकती फिरवून तारा नजरेसमोर ठेवता येतो, इतकं मला कळलं. बाकीचं कळून घेण्याची गरज वाटली नाही. बैल विकताना मी तरी कुठं बैलाच्या पोटात शिरलो होतो.

घोडी निवडायला साडूंनी महिना घेतला. माहितीपत्रकं मागवली, रकाने आखले. घोडी घरापासून गोदावरीच्या काठापर्यंत एकट्यानं उचलून नेता आली पाहिजे ही पहिली अट. ती तपासायला त्यांनी पोत्यात बारा किलो ज्वारी भरली आणि आठवडाभर रोज संध्याकाळी ते पोतं खांद्यावर टाकून नदीपर्यंत जाऊन आले. पुणतांब्यातल्या बायका त्यांच्या बायकोला विचारू लागल्या, घाटावर नवी गिरणी निघाली का.

शेवटी कळलं की नगरच्या छावणीजवळ राहणाऱ्या एका निवृत्त फौजी साहेबांकडे तशी एक परदेशी घोडी पडून आहे आणि ती त्यांना विकायची आहे. साडू मला म्हणाले, "साडूभाऊ, बोलणं तुम्ही करा. मला भाव करता येत नाही." इतकी वर्षं वाट पाहून मिळालेलं हे प्रशस्तिपत्र. मी इस्त्रीचे कपडे घालून गेलो.

घोडी खरोखर देखणी होती. साडूंनी टिचकी मारली, घड्याळ पाहिलं, थरथर सेकंदाच्या आत थांबली आणि त्यांचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा साहेबांनी पाहिला असता तर माझा भाव तिथंच मेला असता, म्हणून मी साडूंना तपासणीसाठी घोडीसकट व्हरांड्यात पाठवलं आणि साहेबांना आत नेलं. तरी आवाज बाहेर जाणारच, आणि साडू तिथून ओरडणार की तुम्ही कमी मागताय. तेव्हा मी घोडेगावची रीत काढली. तिथं दोघं रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, आणि शेजारच्याला काही कळत नाही. साहेबांचा हात मी रुमालाखाली घेतला तेव्हा ते दचकले. मग त्यांना गंमत वाटायला लागली. पंधरा मिनिटांत ते असे तयार झाले की माझीच दोन बोटं त्यांनी मागं सारली. अखेर निम्म्याच्या आत सौदा बसला, पंजा दाबला, चहा आला. मी आयुष्यात केलेला सगळ्यात देखणा सौदा होता तो, आणि बघायला कुणी नव्हतं.

मी व्हरांड्यात आलो तर साडू गुडघ्यांवर बसून, कोनमापक लावून घोडीच्या मानेला, म्हणजे ध्रुवाकडे रोखायच्या त्या आसाला, खाली दाबत होते. ती तीस अंशांवर येऊन अडली होती. ध्रुव ज्या गावात जितका उंच दिसतो तितक्या अंशांवर मान यावी लागते, पुणतांब्याला पावणेवीस. त्याच्या आधीच आतलं लोखंड लोखंडाला लागत होतं. साहेब म्हणाले, मी ही काश्मीरमध्ये वापरली, तिथं ध्रुव वर असतो, इकडे कधी पेटीबाहेर काढलीच नाही. मग सहज सुचवलं, तिपाईचा एक पाय खड्ड्यात घाला, सगळंच कलेल, काम होईल.

झालं. साडू उभे राहिले. "तीस वर्षं मोजणी करतोय मी साहेब. तिपाई कलली की कुणाचा तरी बांध कलतो. कललेल्या तिपाईवर मी काम करत नाही."

मी म्हटलं, आकाशात कुणाचा बांध आहे? तिथं भाऊबंदकी नाही, कोर्ट नाही, उतारा नाही. साडू ऐकेनात. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की पंजा दाबलाय, आता मागं फिरलो तर माझी जीभ कापून ठेवल्यासारखं आहे. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "शब्द तुम्ही दिलाय. ध्रुवानं दिलेला नाही."

माझं डोकं फिरलं. मी त्या व्हरांड्यात जे बोललो ते छावणीच्या बाजूला असूनही फौजी साहेबांना नवीन असावं. शेवटी मी खिशात हात घातला आणि घोडी स्वतः विकत घेतली. आकाशाकडे पाऊस येतो का एवढंच बघायला मान वर करणारा मी, दुर्बिणीशिवाय नुसत्या घोडीचा मालक झालो. परतताना रिक्षात साडू माझं सांत्वन करावं म्हणून म्हणाले, "भाव मात्र उत्तम केलात."

घोडी मी कारखान्याच्या कोपऱ्यात ठेवली, मुद्दाम येता-जाता दिसेल अशी. मानेखाली दहा-अकरा अंशांची लोखंडी पाचर बसवली की तिपाई सरळ राहून काम होणार होतं. हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. माझ्याकडे तासाभराचं काम. पण साडूंनी मागावं असा माझा हट्ट, आणि वस्तू दुसऱ्याची झाली म्हणजे तिच्याकडे बघायचंही नाही असा त्यांचा. होळी झाली. धूमकेतू संध्याकाळी दिसायला लागला, शेपटीसकट, साध्या डोळ्यांनी. नगरमध्ये लोक गच्चीवर चढून बघत होते. साडू नदीवर जाऊन नुसती दुर्बीण हातात धरून बघतात असं मेव्हणीनं फोनवर सांगितलं. पाडवा झाला. रोज तो थोडा खाली उतरत होता, आणखी दोनेक आठवड्यांत दिसेनासा होणार असं लोक म्हणत होते.

शेवटी आमचा म्हातारा वेल्डर एका दुपारी घोडीवरची धूळ फडक्यानं पुसत मला म्हणाला, "मालक, रुसवा तुमचा हाय. लोखंडाला कशापायी गंजिवता?"

मी त्याच्यावर ओरडलो. मग त्यालाच पाचर कापायला सांगितली आणि टेम्पोत घोडी टाकून संध्याकाळपर्यंत पुणतांबा गाठलं. साडूंनी पाचरीवर कोनमापक ठेवलं, कानसीनं चार-पाच हात मारले, पुन्हा ठेवलं, आणि घोडी खांद्यावर आणि दुर्बीण काखेत घेऊन नदीकडे निघाले. घाटावर अंधार पडेपर्यंत ते तिपाई पातळीत आणत होते. ध्रुव दिसल्यावर आणखी पाऊण तास त्याला आसात आणण्यात गेला. इतका वेळ मी थोरलीसाठी वर शोधतानाही कधी थांबलो नव्हतो. धूमकेतू पलीकडच्या काठावरच्या बाभळींकडे सरकत होता आणि मी घाई करा, घाई करा म्हणत होतो. एकदाचं जमलं. कॅमेरा लावण्याआधी त्यांनी मला पुढं केलं. "आधी तुम्ही बघा. घोडी तुमची आहे."

मी डोळा लावला. काय दिसलं ते मला सांगता येत नाही, आणि सांगता न येण्याची मला सवय नाही. उजेडाचा एक गोळा होता, त्याच्यामागं धुरासारखं काही पसरलेलं, आणि ते हलत नव्हतं. जगातली प्रत्येक गोष्ट हातातून निसटायच्या बेतात असते असं समजूनच मी आजवर भाव केले. ही एक गोष्ट जागच्या जागी उभी होती. मी बघत राहिलो. किती वेळ, मला माहीत नाही. मधेच लक्षात आलं की शेजारी साडू वाकून उभे आहेत, आणि ते हलू नये म्हणून चकती कणाकणानं फिरवतायत. धूमकेतू अंधुक होऊन बाभळींत गेला तेव्हाच मी मान वर केली.

कॅमेरा त्यांच्या गळ्यात तसाच होता. दुसऱ्या दिवसापासून ढग आले, आणि ढग गेले तेव्हा तो गेला होता.

त्या संध्याकाळी परत येताना, पश्चिमेला ढग चढताना बघून, मी त्यांच्यावर चिडलो. म्हटलं, सरका बाजूला असं एकदा म्हणायला काय झालं होतं? माझ्या टीपॉयला बोलता, ओट्याला बोलता, तेव्हा कुठं संकोच वाटतो? साडू पुढं चालले होते, खांद्यावर घोडी. त्यांनी पाय न थांबवता सांगितलं, "फोटोचं काय, परत येणार आहे तो."

मी विचारलं, कधी.

"दोन-अडीच हजार वर्षांनी."

उद्या देतो म्हणणाऱ्याला मी कधी दारात उभं केलेलं नाही. पण त्या अंधारात, त्या माणसाचा हा वायदा मी मुकाट्यानं मान्य केला.