साडूची पेन्शन, माझ्या शेळ्या

आमच्या साडूला पेन्शन आहे आणि मला शेळ्या आहेत.

तसे दोघंही जिल्हा परिषदेचे मास्तर. मुदखेडचे नामदेवराव आधी लागले, म्हणून जुन्या पेन्शनीत. मी चाकूरला उशिरा लागलो, म्हणून नव्या योजनेत. म्हणजे पगारातून कापलेले पैसे बाजारात आणि जीव टांगणीला! बायको उठता-बसता सुनवायची, "दाजींचं बघा! मरेपर्यंत सरकार देतंय. त्यांच्या माघारी आक्कालाबी!" (नवऱ्याच्या मरणाची इतकी उत्तम सोय ऐकून मी जळून कोळसा!)

शेवटी मीही म्हातारपणाची सोय केली. शेळ्या घेतल्या. आपल्याकडं नवा जिल्हा होणार, अशी तेव्हा आवई होती. जिल्हा आला की साहेब आले, साहेब आले की मटण आलं! पण जिल्हा राहिला बाजूला, दुष्काळ आला. लातूरला प्यायचं पाणी रेल्वेनं, तिथं शेळीला हिरवं पान कुठलं? मी नव्या योजनेकडं बघतो, तशा त्या वाळका कडबा चघळत माझ्याकडं बघायच्या.

अशात नामदेवराव रिटायर झाले. बायकोचं फर्मान निघालं, "दाजींचा सत्कार आपल्या अंगणात!"

लातूरहून हार आणला. मनगटाएवढा जाड झेंडू, मधे मधे हिरवीगार पानं. दातओठ खात (आणि हसत) मी तो साडूंच्या गळ्यात घातला. खुर्चीत ऐसपैस रेलून त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुमची पेन्शन कुठाय?"

मी गोठ्याकडं बोट दाखवलं. तेवढ्यात पेन्शन सुटली!

बोकडानं दावं तोडून थेट हार धरला. मागून साऱ्या शेळ्या! हार सुतळीत ओवलेला, तुटता तुटेना. साडू खुर्चीसकट अंगणभर!

"मेलो! आवं, हाणा की ह्याला!"

बायकोनं मुसळ उचललं. मी आडवा आलो. "बोकडाला हाणू नको गं! माझं म्हातारपण हाय ते!"

"आन् दाजी?"

"त्यांना सरकार हाय की!"

साडूंची कंबर लचकली. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर हलायचं न्हाई. आन् ताकदीला शेळीचं दूध द्या."

मग काय! साडू आमच्याच बाजेवर. त्यांची पेन्शन मुदखेडच्या बँकेत सुखरूप जमा होत होती आणि माझी पेन्शन ते रोज पेलाभर पीत होते. वर मलाच म्हणायचे, "दूध लई झ्याक हाय गुरुजी, फक्त साखर जरा कमी पडली!"