ह्यांचे कान आणि उंच केलेली जीप

आमच्या ह्यांना कान आहेत, यात सांगण्यासारखं काही नाही. पण ह्यांचे कान जरा जास्तच आहेत. घरात फ्रिजच्या मागे कागदाची घडी, कपाटाच्या बिजागरीला मेण, पलंगाच्या पायाखाली जुन्या ट्यूबचा तुकडा. कुठे काही करकरलं, खडखडलं की हे जेवण सोडून उठणार. लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी जेवायला गेलो, तर हे घास हातात धरून थांबले आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "तुमच्या मोटरचं बेअरिंग गेलंय." मोटर विहिरीवर, घरापासून चांगली लांब. वडील उठून बघून आले, पुन्हा ताटावर बसले आणि मला हळूच म्हणाले, "पोरी, तुझं कठीण आहे."

कठीण कसलं, मजाच आहे. ह्यांचं घरापुढे गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज, आणि घरामागे माझ्या मधमाश्यांच्या पेट्या. ज्या माणसाला पंख्याची घरघर सोसत नाही त्याच्या परसात मी दिवसभर घोंघावणारं एक गावच वसवलं. तरी ह्यांची तक्रार आवाजाची नाही. हे माश्यांना भितात, चक्क भितात. गॅरेजमध्ये इंजिन अंगावर आलं तरी हलणार नाहीत, पण एक माशी आत शिरली की हे बाहेर. आमची लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिला मूल झालं, पण तेवढ्या सगळ्या काळात ह्यांनी परसातल्या त्या कोपऱ्यात पाऊल टाकलेलं नाही. मध मात्र भाकरीवरही लागतो, चहातही लागतो, आणि बरणी रिकामी झाली की विचारणार, "काय गं, माश्या संपावर आहेत का?"

आता जीपचं सांगते. गावाच्या वर एक पठार आहे. तिथे वर्षातून एकदा पांढरी रानफुलं येतात, आणि आली तशी जातात. त्याच वेळी खाली आमच्या गावात सगळा शुकशुकाट असतो, एक फूल दिसायचं नाही. म्हणून तेव्हा पेट्या वर न्याव्याच लागतात, नाहीतर माश्या उपाशी मरतात. वर जायला रस्ता एकच, आणि त्या रस्त्याच्या मधोमध पावसाच्या पाण्यानं उघडा पडलेला एक खडक. मागच्या वर्षी त्या खडकानं जीपचं पोट खरवडून काढलं, सायलेन्सर तिथेच राहिला, आणि मी रणगाड्यासारखा आवाज करत घरी आले. हे दारातच उभे होते. लांबून ऐकलं होतं म्हणे.

"जीप उंच करू," हे म्हणाले.

लिफ्ट किट आलं. म्हणजे नवे जास्त बाक असलेले पाटे, चाकांवरच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या हो, लांब शॉकअप आणि नटबोल्टची एक पिशवी. ह्यांनी शीळ घालत घालत सगळं बसवलं. झाल्यावर जीप चवड्यांवर उभी राहून भिंतीपलीकडे डोकावल्यासारखी दिसायला लागली. मला चढता येईना, तर मी काही बोलायच्या आत ह्यांनी दाराखाली एक पायरी वेल्ड करून दिली. वर रबरही चिकटवलं, माझी चप्पल घसरू नये म्हणून. तोंडानं कौतुक करायचं म्हटलं की ह्यांच्या जिवावर येतं, पण अशा पायऱ्या मला आयुष्यभर मिळत आल्यात.

पायरी उत्तम होती, जीप नव्हती. पहिल्या दिवशी रस्त्यावर काढली तर ती सरळ जाईना. मी डावीकडे वळवते, तर ती जरा विचार करून वळते. सोडावं तर आपली आपणच उजवीकडे निघते. आणि प्रत्येक खड्ड्यात खालून खट्. परत आले, किल्ली ह्यांच्या हातात आपटली. "ही जीप प्यायलीये," मी म्हटलं.

"नवीन आहे. बसेल हळूहळू."

"ती बसेपर्यंत मी बसायची नाही."

पण ह्यांचे कान टवकारले होते. हे रिकामी जीप घेऊन फिरून आले आणि कपडे न बदलता तिच्याखाली शिरले. खट् आवाजाचं लगेच सापडलं. पाटे आणि ॲक्सल एकत्र बांधणारे बोल्ट नवे असताना थोडे चालल्यावर ढिले होतात, ते पुन्हा आवळावे लागतात. आवळले, आवाज गेला. दारू उतरवायला मात्र वेळ लागला. हवा तपासली, अलाइनमेंट करून आणलं, तरी तिचं डुलणं चालूच. मग एकदा चहा पिता पिता हे कप ठेवून उठले. गाडी उंच झाल्यानं पुढचा ॲक्सल किंचित फिरला होता, त्यामुळे स्टिअरिंग आपण होऊन सरळ होईना. ह्यांनी पाट्याखाली लोखंडाच्या दोन पाचरी घातल्या, ॲक्सल पुन्हा कलता केला, आणि जीप शुद्धीवर आली. मी मोकळ्या रस्त्यावर एका हातानं चालवून पाहिली. मनात म्हटलं, नवरा आहे खरा माझा. तोंडानं म्हटलं, "बरी आहे."

मग मी मागे थोड्या पेट्या टाकून जवळच्या एका बागेपर्यंत गेले. तर काय, जीप कण्हायला लागली. कुर्र, कुर्र, म्हाताऱ्या दारासारखी. आणि चाल अशी ताठ, की प्रत्येक दगडाचा धक्का थेट पेट्यांना. माश्या खवळल्या. बागेत पोचून झाकणं सारखी करताना मला चावल्या त्या निराळ्याच.

सुजलेला गाल घेऊन घरी आले आणि सांगितलं. मी पेट्या उतरवेपर्यंत हे आत थांबले, मग जीप घेऊन गेले, फिरून आले आणि म्हणाले, "गप्प आहे. एक शब्द बोलत नाही."

"भरल्यावर बोलते."

"रिकामी गप्प, तर भरलेलीही गप्प. तुझ्या मनाचे खेळ आहेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "गाल पण माझ्या मनानंच सुजलाय का? तर मग पेट्या मागे ठेवून चालवा ना, कळेल." ह्यांनी तोंड पुसलं आणि गॅरेजमध्ये निघून गेले. त्या दिवशी जेवताना आम्ही दोघं वाटीशी बोललो.

त्यात माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन. अक्काही माश्या पाळते, पण लांब सपाटीवरच्या बागायती मळ्यांमध्ये, जिथे पाटाच्या पाण्यावर बारा महिने फुलं असतात, आणि तिच्याकडे टेम्पो आहे. "फुलं आली म्हणे वर," ती म्हणाली. "तुझी जीप काही जात नाही आता. रविवारी टेम्पो घेऊन येते, सगळ्या पेट्या माझ्याकडे दे. तुझंही वय झालं." अक्का माझ्याहून मोठी आहे हे ती सोयीनं विसरते. पण तिचं चुकत नव्हतं. पेट्या परसातच राहिल्या तर माश्या मरणार होत्या, आणि मरू देण्यापेक्षा देऊन टाकलेल्या बऱ्या. मी फोन ठेवला आणि मोरीत जाऊन रडले. नळ सोडून रडले, पण ह्यांच्या कानांपुढे नळाची काय कथा.

मी बाहेर आले तर हे दारात. "शनिवारी पहाटे काढ जीप," हे म्हणाले. "सगळ्या पेट्या भर. मी येतो."

"जीपमध्ये?"

"स्कूटरवर. मागून."

शुक्रवारी संध्याकाळी माश्या घरी परतल्यावर मी पेट्यांच्या तोंडांना जाळ्या लावल्या. पहाटे लेकीच्या वयाची दोन शेजारची पोरं पेट्या चढवून गेली. मी निघाले, आणि मागे बऱ्याच अंतरावर हे, डोक्यात हेल्मेट, हेल्मेटखाली माझीच ओढणी गुंडाळलेली. गाव सुटलं, चढ लागला आणि जीपनं कण्हायला सुरुवात केली. कुर्र, कुर्र. मागच्या पेट्यांतून आवाज चढायला लागला. मला वाटलं संपलं, आता खडकापर्यंतही पोचत नाही. तेवढ्यात मागून स्कूटरचा हॉर्न, नुसता हॉर्न. मी सपाट जागा बघून थांबले.

हे धावत आले, आणि पेट्यांपासून चार हात अलीकडे थबकले. हेल्मेट काढलं. चेहरा असा, की परीक्षेत पहिला आलेला आणि नापास झालेला पोरगा एकाच वेळी.

"पाट्याच्या टोकांना रबराचे बुश असतात," हे म्हणाले. "गाडी वजन घेऊन जमिनीवर उभी असते ना, तेव्हाच त्यांचे बोल्ट आवळायचे. जॅकवर आवळले तर रबर पिळवटतं. हे मी जगाला शिकवतो. मी जमिनीवरच आवळले, बरोबर आवळले. पण रिकामी असताना."

"मग?"

"तुझी जीप रिकामी कधी असते? हे वजन आलं की पाटे खाली बसतात, रबर पिळतं, अडतं, रडतं. पेट्या चढवून आवळायला हवे होते." मग मान खाली घालून म्हणाले, "मी पेट्या चढवूच दिल्या नाहीत."

इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांनी चूक कबूल केली ती अशी, रस्त्यात, माझी ओढणी गळ्यात घालून. मला हसू आवरेना. पण ऊन वर येत होतं. घरी परत जाऊन पेट्या उतरवाव्यात आणि तेवढ्याच वजनाची पोती जीपमध्ये भरून बोल्ट आवळावेत तर वेळ गेला असता, आणि बंद पेट्या उन्हात तापल्या की आतल्या माश्या गुदमरतात. हे सगळं ह्यांना माहीत होतं, मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडतच आलेय. ह्यांनी चाकांना दगड लावले, स्कूटरच्या डिकीतून पाने काढले, एकदा पेट्यांकडे पाहिलं आणि जीपखाली गेले.

"तू वर बस," खालून आवाज आला. "चालवताना तुझंही वजन असतंच."

"माझं वजन काढताय?"

"मोजत नाहीये. बस."

मी पायरीवरून चढून बसले. एकेक बोल्ट ढिला होत गेला, आणि जीपनं खालून एक सुस्कारा सोडला, जरा खाली टेकली. मग ह्यांचा अगदी बारीक आवाज. "अगं, एक माझ्या हातावर बसलीये."

"जाळीबाहेर राहिली असेल. बसू द्या. तुमच्या घामाला आलीये."

"चावेल का?"

"तुम्ही तिला मनाचे खेळ म्हणालात तर चावेल."

मग पान्याचा आवाज यायला लागला, सावकाश, एका हाताचा. दुसरा हात ह्यांनी तसाच तिच्यासाठी स्थिर धरून ठेवला होता, हे मला वाकून पाहिल्यावर कळलं. माणूस घामानं निथळत होता, ओठ घट्ट मिटलेले, आणि आवळत होता. मला ह्यांचं इतकं प्रेम आलं की मी काहीच बोलले नाही. माझ्यासाठी ही मोठी गोष्ट आहे.

बाहेर आले, कपडे झटकले, स्कूटर झाडाला टेकवली आणि जीपचं दुसऱ्या बाजूचं दार उघडून माझ्या शेजारी बसले. मागे सगळ्या पेट्या. ताठ बसले होते, पण बसले. मी जीप सोडली. ना कुर्र, ना खट्. खडक आला तेव्हा मी श्वास धरला, ह्यांनी दाराची कडी धरली, आणि तो खडक आमच्या पोटाखालून न शिवता मागे गेला. मी जोरात हसले. हेही हसले, पण ओठ मिटून, माशी जाईल म्हणून.

पठार पांढरं झालं होतं. मी पेट्या उतरवायला लागले, तर हेच समोरचं टोक धरायला आले. ओढणी नाकापर्यंत, पण आले. मी एकेक जाळी काढली. माश्या बाहेर पडल्या, क्षणभर घोटाळल्या आणि फुलांवर गेल्या, आणि थोड्या वेळात सगळं पठार घुमायला लागलं. तेवढ्यात अक्काचा फोन आला, उद्या किती वाजता येऊ म्हणून. "ये की," मी म्हटलं. "पण पठारावर ये. आणि येताना जरा मोठी जीप आण, टेम्पो खडकावर बसेल."

फोन ठेवून पाहते तर हे पायरीवर बसलेले, मान एका बाजूला कलती, डोळे मिटलेले. मला ती मान पाठ आहे. आता हे उठणार, पेट्यांच्या मागे कागद खुपसणार, मेण लावणार.

"अहो, काय ऐकताय? पुन्हा वाजतंय का काही?"

ह्यांनी डोळे उघडले नाहीत. "वाजतंय," हे म्हणाले. "पण हे वाजू दे."